हवेत फोकलेला आवाज

मागच्या हिवाळ्यात एका सकाळी मी एक रिकामा उद्योग केला. घरातला जुना ट्रान्झिस्टर आकाशवाणी नागपूरवर लावला. मिडियम वेव्ह, ५८५ किलोहर्ट्झ. शेजारी मोबाइल ठेवला आणि आकाशवाणीच्याच ‘न्यूज ऑन एअर’ या ॲपवर तेच नागपूर केंद्र लावलं. केंद्र एक, बाई एक, बातमी एक. पण ती घरात आली दोनदा. ट्रान्झिस्टरमधल्या बाई पहिली बातमी आटपून दुसरीवर गेल्या, तेव्हा कुठे मोबाइलमधल्या बाईंनी पहिली हाती घेतली.

वेळेच्या ठोक्यांचं तर हसूच आलं. ट्रान्झिस्टरवर ठोके पडून गेले, मी मनगटावरचं घड्याळ लावून मोकळा झालो, आणि मग मोबाइलनं तेच ठोके तितक्याच ठामपणे दिले. मोबाइलवरच्या आकाशवाणीवर घड्याळ लावणारा माणूस दिवसभर मागेच राहायचा.

हा उशीर येतो कुठून? आधी ट्रान्झिस्टरचं बघू. चांदूर बाजार ते नागपूर हे अंतर सरळ रेषेत सुमारे १४० किलोमीटर. (परगावच्या वाचकांसाठी: मुंबई-नागपूर लोहमार्गावरचं ते चांदूर रेल्वे. आमचं चांदूर बाजार. नरखेडच्या मार्गामुळे आता आमच्याकडेही रेल्वे आली, पण पाहुणे अजून चुकीच्या चांदुरात उतरतातच.) रेडिओची लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते. नागपूरहून आमच्या घरी यायला तिला अर्धा मिलिसेकंदही लागत नाही, म्हणजे एका सेकंदाचा दोन हजारावा हिस्सासुद्धा नाही. साधा आवाज मात्र हवेतून फार सुस्त चालतो, सेकंदाला साधारण ३४० मीटर. स्टुडिओत निवेदकासमोर मीटरभर अंतरावर बसलेल्या माणसाच्या कानी शब्द पोचायला जवळपास तीन मिलिसेकंद जातात.

आता हिशेब मांडा. मध्ये संगणक आलेले नव्हते त्या काळी, नागपूरच्या स्टुडिओत उच्चारलेला शब्द चांदूर बाजारात रेडिओला कान लावून बसलेल्याला आधी ऐकू यायचा आणि त्याच खोलीत समोर बसलेल्याला नंतर! सभागृहातल्या मैफिलीचं थेट प्रक्षेपण असेल, तर दहाव्या रांगेतला तिकीट काढून आलेला रसिक आमच्या बराच मागे. हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी ती बेरीज-वजाबाकी तीनदा तपासली होती.

मोबाइलचं तंत्र निराळं. आवाजाचे आधी आकडे होतात, मग त्या आकड्यांचे काही काही सेकंदांचे तुकडे पडतात, ते दूरच्या सर्व्हरवर जातात आणि तिथून तुमच्या फोनकडे निघतात. फोन तरी ते आल्या आल्या कुठे वाजवतो? रेंज कधी दगा देईल सांगता येत नाही, म्हणून दोन-चार तुकडे शिदोरीसारखे गाठीला बांधून घेतो आणि मग सुरू होतो. ती शिदोरी म्हणजेच उशीर.

याचा खरा मासला क्रिकेटच्या रात्री दिसतो. शेजारी डिश, समोर केबल, माझ्या हातात मोबाइल. प्रत्येकाचा चेंडू वेगळ्या वेळी पडतो. माझ्याकडे गोलंदाज अजून धावतच असतो आणि भिंतीपलीकडून ‘गेला रे!’ अशी आरोळी येते. पुढचे काही सेकंद मी निकाल ठाऊक असलेला चेंडू बघत बसतो. पानठेल्यावरच्या एका ट्रान्झिस्टरभोवती पंधरा जण उभे असायचे तेव्हा ही भानगड नव्हती. गावातले सगळे ट्रान्झिस्टर एकाच क्षणी बोलायचे, त्यामुळे सगळा गाव एकदमच ओरडायचा. बाजार चौकातला आवाज आणि वाड्यातला आवाज यांत फरक पडलाच तर तो हवेतून यायला लागणाऱ्या वेळेचा.

रेडिओनं माणसांना लावलेली सर्वांत मोठी सवय मला हीच वाटते: एकाच क्षणी ऐकण्याची. गाणी, बातम्या, बाजारभाव यांतलं नव्या माध्यमांनी काहीच हिरावलं नाही, उलट भरभरून दिलं. हा एकत्र क्षण मात्र थोडाथोडा करून नेला. कसा नेला ते शेतातल्या दोन शब्दांनी फार चांगलं सांगता येतं.

इंग्रजीत प्रक्षेपणाला ‘ब्रॉडकास्ट’ म्हणतात. तो शब्द मुळात शेतीतला. मुठीत बी घ्यायचं आणि चालता चालता चहूकडे भिरकावायचं. आपल्याकडे याला फोकणी म्हणतात. रेडिओ ही फोकणीच आहे. नागपूरचा मनोरा आवाज फोकतो. तो आमच्या कोनाड्यात पडला, की संत्र्याच्या बगिच्यात, की मेळघाटातल्या एखाद्या पाड्यावर, मनोऱ्याला पत्ता नसतो. ऐकणारे दहा असोत की दहा लाख, मनोऱ्याला वीज तेवढीच लागते.

मोबाइलवरचं ऐकणं म्हणजे कपाशीची टोबणी. जागा बघून, मोजून, एकेक सरकी. तुम्ही ॲपवर केंद्र लावलं की सर्व्हरकडून खास तुमच्या नावाची एक प्रत निघते. शेजाऱ्यानं तेच केंद्र लावलं तर त्याची वेगळी. लाख ऐकणारे असतील तर लाख प्रती. आणि टोबायचं तर जागा ठाऊक पाहिजेच! म्हणून तुम्ही किती वाजता लावलं, कोणत्या गाण्याला कंटाळून पुढे ढकललं, कुठे झोप लागली, हे सगळं तिकडे कळत असतं. नागपूरच्या मनोऱ्याला आमच्या आजोबांबद्दल आयुष्यभरात काहीच कळलं नाही. फर्माईशीचं पोस्टकार्ड गेलं तर तेवढंच. ‘आपली आवड’मध्ये नाव वाचलं गेलं की त्या घरी आठवडाभर लग्नघर असायचं. हजारो घरांनी आपलं नाव एकाच क्षणी ऐकलं, हा त्यातला मान होता. आता मोबाइल रोज सकाळी नाव घेऊन ‘तुमच्यासाठी खास’ म्हणून गाणी पुढे करतो, आणि ते ऐकायला दुसरं कोणीच नसतं.

टोबणीत बी वाया जात नाही, हे कबूल. पण फोकणीत न मागता पडतं. बातम्यांची वाट बघता बघता कानावर पडलेला ख्याल, नको असताना ऐकलेलं नभोनाट्य, संत्र्यावरच्या डिंक्या रोगाची माहिती: शहरात जन्म काढलेल्या माझ्या एका काकूंना डिंक्यावर बोर्डो मिश्रण कसं लावायचं हे तोंडपाठ होतं. बगिचा तर सोडाच, त्यांच्याकडे कुंडीसुद्धा नव्हती.

नागपूरचं केंद्र सुरू झालं १६ जुलै १९४८ रोजी. मुंबईकरांना त्याआधी एकवीस वर्षं, २३ जुलै १९२७ पासून, रेडिओ ठाऊक होता. नागपूर तेव्हा मध्य प्रांत आणि वऱ्हाडची राजधानी. व्हॉल्व्हचे ते अवजड संच मूठभर घरांत असायचे. बटण दाबल्यावर व्हॉल्व्ह तापेपर्यंत थांबावं लागायचं, आणि संच ठेवायला परवाना लागायचा. पोस्टात जाऊन दरसाल पैसे भरायचे आणि पुस्तिकेत तिकीट चिकटवून घ्यायचं. ही परवान्याची भानगड थेट १९८०च्या दशकाच्या मध्यापर्यंत चालली. साहजिकच रेडिओ ऐकायला ‘जावं’ लागायचं. ज्याच्या घरी असेल त्याच्या ओसरीवर.

या जमावाच्या ऐकण्याचा जगाला दाखवण्यासारखा प्रयोग आपल्याच राज्यात झाला. १९५६ साली युनेस्कोच्या मदतीनं पुणे केंद्रानं आसपासच्या पाच जिल्ह्यांतली १५० गावं निवडली. गावोगाव श्रोत्यांचा एकेक गट. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा शेतीचा कार्यक्रम, असे दहा आठवडे. कार्यक्रम संपला की कोणी उठायचं नाही. ऐकलेल्यावर बोलायचं, भांडायचं, आणि अडलेले प्रश्न केंद्राला कळवायचे. पुढच्या कार्यक्रमात त्यांची उत्तरं. पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञानं त्याचा अभ्यास लिहिला, आणि तो परदेशांतही वाचला गेला. हल्ली कार्यक्रमाखाली लोकांनी मतं लिहिण्याचं फार कौतुक होतं. हे लोक साठ-सत्तर वर्षांपूर्वी कंदिलाच्या उजेडात तेच करत होते, आणि समोरासमोर. त्याच्या आदल्या वर्षी, १ एप्रिल १९५५ रोजी, याच पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झालं. छप्पन्न गाणी, आठवड्याला एक, वर्षभर पुरली. आज ती छप्पन्न एका दिवसात ऐकून संपतात. वाट बघण्याचे सहा दिवस त्यातून गळाले.

रेडिओच्या सवयीला पहिला धक्का टीव्हीनं दिला असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. पहिला धक्का रेडिओलाच रेडिओनं दिला. १९५२ साली बा. वि. केसकर केंद्रात माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. मराठी माणूस, शास्त्रीय संगीताचा कट्टर भोक्ता. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळपास हद्दपार झाली. लोकांनी काय केलं? मोर्चा काढला नाही, रेडिओही फोडला नाही. काटा फिरवला. रेडिओ सिलोन लावलं. १९५२च्याच डिसेंबरात तिथे अमीन सायानींची बिनाका गीतमाला सुरू झाली होती. आकाशवाणीला हे ओळखून ३ ऑक्टोबर १९५७ रोजी विविध भारती काढावी लागली. पुढे १९६७च्या नोव्हेंबरात रेडिओवर जाहिराती आल्या, त्याही पहिल्यांदा मुंबई, पुणे आणि आपल्या नागपुरात. काटा फिरवून सरकारला नमवणारे हे श्रोते बघितले की रिमोट आणि बोटानं सरकवायचा पडदा यांचं नवल कमी वाटायला लागतं.

आता यातला चमत्कार बघा. कोलंबो आमच्यापासून दीड हजार किलोमीटरहून दूर. पृथ्वी गोल, लहर सरळ जाणारी. मग सिलोनचा आवाज वऱ्हाडात पोचायचा कसा? तो आभाळाला आपटून यायचा. जमिनीपासून साठ-सत्तर किलोमीटरच्या वर सूर्यकिरणांमुळे हवेचे कण विद्युतभारित होतात, त्याचे थर बनतात. त्यांतले वरचे थर शॉर्ट वेव्हला आरशासारखे परतवतात. उडालेली लहर तिथे आपटते, खाली येते, जमिनीला लागून पुन्हा वर जाते. आमच्या कोनाड्यात सकाळी लागणारी सैगलची तान अशी आभाळाला डोकं लावून आलेली असायची. जुन्या चित्रपटगीतांचा तो कार्यक्रम सैगलच्या गाण्यानं संपायचा आणि आठ वाजायचे. शाळेची दप्तरं त्या गाण्यावर उचलली जात.

सर्वांत खालचा थर मात्र खादाड. तो दिवसा मिडियम वेव्ह गिळून टाकतो. सूर्य मावळला की तो थर विरून जातो, आणि दिवसभर नागपूरपलीकडे काही न पकडणारा तोच ट्रान्झिस्टर रात्री नवाच होतो. हळूच काटा फिरवला तर कानडी, तेलुगू, गुजराती, उर्दू, एकावर एक चढलेले आवाज. सेल तेच आणि गावही तेच. सूर्य तेवढा गेलेला.

आणखी एक गोष्ट घरोघरी ठाऊक होती, कारण मात्र कोणी सांगत नव्हतं. आवाज खरखरला की रेडिओ उचलून गोल फिरवायचा. ट्रान्झिस्टरचं पाठीमागचं झाकण काढलंत तर आत बोटाएवढी काळी कांडी दिसेल, तिच्यावर केसासारखी बारीक तार गुंडाळलेली. ही फेराइटची कांडी हाच त्याचा कान. हा कान आडवा असला तर ऐकतो, केंद्राकडे टोक करून धरला तर बहिरा होतो. नागपूर आमच्या जवळजवळ नेमक्या पूर्वेला. म्हणून चांदूर बाजारात नागपूर स्वच्छ ऐकायचं तर कांडी उत्तर-दक्षिण हवी, म्हणजे रेडिओचं तोंड उगवतीकडे नाहीतर मावळतीकडे. आमचा कोनाडा पूर्वेच्या भिंतीत होता. तो वास्तुशास्त्रामुळे असेल असं मला लहानपणी वाटायचं.

ट्रान्झिस्टरनं रेडिओ ओसरीवरून उचलून माणसाच्या बगलेत दिला. जमाव पांगायला तिथूनच सुरुवात झाली. मग टेप आला, टू-इन-वन आला. आवडतं गाणं लागण्याची वाट बघत ‘रेकॉर्ड’ आणि ‘प्ले’ या दोन बटणांवर दोन बोटं ठेवून बसलेली पोरं मला अजून दिसतात. गाण्याच्या सुरुवातीला निवेदकाचं अर्धं वाक्य हमखास भरलं जायचं, आणि पुढे वर्षानुवर्षं ते अर्धं वाक्य त्या गाण्याचाच भाग होऊन बसायचं. टीव्हीबद्दल काय सांगायचं, तो इतिहास सगळ्यांनी बघितलेला आहे. डोळे त्याच्याकडे गेले, रेडिओकडे फक्त कान उरले आणि तेही हात कामात असतानाचे: स्वयंपाकघरात, शिंप्याच्या मशीनपाशी, कटिंगच्या दुकानात.

मग मोबाइल आला आणि सुरुवातीला तो रेडिओचा सोबती निघाला. बटणांच्या स्वस्त फोनमध्ये एफएम असायचं. ‘इअरफोन लावा’ असा हुकूम पडद्यावर यायचा, स्पीकरवर ऐकायचं असलं तरी. लोक चिडायचे. पण त्यात मोठं शहाणपण होतं: इअरफोनची तार हाच त्या फोनचा एरियल. एफएमची लहर साधारण तीन मीटर लांब असते आणि एरियलला तिचा पाव भाग पुरतो, म्हणजे पाऊण मीटर. कानापासून खिशापर्यंत लोंबणारी तार बरोबर तेवढ्या मापाची! तुलनेला नागपूरच्या मिडियम वेव्हची एक लहर ५१३ मीटरची. अर्ध्या किलोमीटरची लहर टेकड्यांना वळसा घालून जमिनीलगत येते. तीन मीटरची लहर जवळजवळ सरळ जाते आणि आडवं काही आलं की अडते. आकाशवाणी अकोल्याचं १०२.४ एफएम आमच्यापासून शंभरेक किलोमीटरवर, त्यामुळे चांदूर बाजारात त्याचा भरवसा नाही. चिखलदऱ्याच्या अकराशे मीटरच्या उंचीवर उभं राहून तार सोडा, चित्र पालटतं.

५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झालं, डेटा मातीमोल झाला, आणि सगळं ऐकणं फोकणीतून टोबणीत गेलं. फोनमधला रेडिओ दोन गोष्टींनी मेला. काही कंपन्यांनी एफएमची चिप बंद ठेवली किंवा दिलीच नाही, आणि बिनतारी इअरबड आल्यावर तार गेली. तार गेली म्हणजे एरियल गेला. एफएमला ना रिचार्ज लागतो ना नेटवर्क, पूर-वादळात तोच उपयोगी पडतो, म्हणून २०२३ साली केंद्र सरकारला मोबाइल कंपन्यांना सांगावं लागलं की बाबांनो, एफएमची सोय चालू ठेवा.

उलटाही प्रकार आहे. पंतप्रधानांची ‘मन की बात’ २०१४च्या ऑक्टोबरपासून चालू आहे. कार्यक्रम रेडिओचा, पण गावोगाव लोक तो मोठ्या पडद्यासमोर खुर्च्या मांडून ‘बघतात’. राजकारण बाजूला ठेवा. पुण्याच्या त्या १५० गावांनंतर रेडिओसाठी एवढे लोक एकत्र बसवणारं दुसरं काही मला आठवत नाही, आणि बसले ते टीव्हीसमोर.

आमच्या आत्यानं मात्र या सगळ्यावर आपला निकाल दिलेला आहे. भाच्यानं तिला स्मार्टफोन घेऊन दिला. त्यात जगातली सगळी गाणी. कोणतं लावू, असं त्यानं चार वेळा विचारलं. ती म्हणाली, ‘कोन्तंबी लाव. मले नोको इचारू.’ तिला गाणं हवं होतं, निवड नको होती. २०१७ साली सारेगामानं कारवां नावाचा डबा काढला. दिसायला जुना रेडिओ, आत पाच हजार गाणी भरलेली. बटण दाबायचं आणि जे लागेल ते ऐकायचं. तो घरोघरच्या वडीलधाऱ्यांसाठी धडाधड खपला. आता त्याच्यावर आत्याचं उत्तम चाललंय. एकच तक्रार: मध्ये कोणी ‘आता आठ वाजून…’ असं सांगत नाही, त्यामुळे दूध उतू जातं.

ऐकण्याच्या बाबतीत आमच्या तालुक्याला जरा अभिमान बाळगायचा हक्क आहे. माधान हे गाव चांदूर बाजार तालुक्यातलं. तिथले संत गुलाबराव महाराज, १८८१ ते १९१५, तान्हे असतानाच अंध झाले. दुसऱ्यांकडून ग्रंथ वाचून घ्यायचे, कानांनी सगळं आत घ्यायचं, आणि चौतीस वर्षांच्या आयुष्यात शंभरावर ग्रंथ त्यांनी सांगून लिहवले. रेडिओ भारतात यायच्या आतच ते गेले. ‘लोक ऐकणं विसरले’ असं कोणी म्हणालं की मला माधान आठवतं. नुसत्या कानांत किती मावतं याचं माप आमच्याकडे घरचंच आहे.

दुसरा आवाज गाडगेबाबांचा. अंजनगाव तालुक्यातल्या शेंडगावचे, म्हणजे आमचेच. ८ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबईत वांद्र्याच्या पोलीस ठाण्यात त्यांनी केलेलं कीर्तन ध्वनिमुद्रित झालं आणि दीड महिन्यात, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ बाबा गेले. त्यांचा आवाज म्हणून आज जो ऐकायला मिळतो, तो हाच. पूर्वी तो कोणी लावेल तेव्हा कानावर पडायचा. आता एसटीत शेजारी बसलेला मुलगा इअरबड घालून मोबाइलवर तो ऐकत असतो. बाबा सभेला प्रश्न विचारतात आणि सगळी सभा एका आवाजात उत्तर देते, तेही त्या मुद्रणात आहे. १९५६ सालच्या जमावाचं एकत्र ओरडणं एकट्या माणसाच्या कानात, भर गर्दीत, आणि शेजारी बसलेल्या मला त्यातलं अक्षरही ऐकू येत नाही.

मग खुद्द रेडिओ आता कोण ऐकतं? थंडीत एका रात्री एका ओळखीच्या काकाजींच्या वावरात जागलीला गेलो होतो. शेतीची वीज रात्रीची, त्यामुळे ओलितही रात्रीचंच. पूर्वी या वेळेला आकाशवाणीची राष्ट्रीय वाहिनी सोबत करायची. १९८८च्या मे महिन्यात सुरू झालेली ही वाहिनी नागपूरहूनच यायची, आणि तिचं प्रक्षेपक यंत्र एक मेगावॉटचं, म्हणजे दहा लाख वॉट. घरातले तेरा हजार पंखे एकदम फिरतील एवढी ताकद, आणि ती रात्रभर देशभर आवाज फोकायला. २०१८ संपता संपता ती बंद करण्याचा आदेश निघाला. काकाजींच्या वावरात धुऱ्यावरच्या कडुलिंबाला मात्र अजून ट्रान्झिस्टर टांगलेला होता. मोठ्यानं चालू, आणि जवळ कोणी नाही.

‘काकाजी, थो कोन आयकते?’

‘डुकरं आयकतेत नं बापू.’

रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून माणसाचा आवाज. कुत्र्याचं भुंकणं भरलेला बाजारातला भोंगाही त्यांनी आणला होता, पण तेच ते भुंकणं डुकरांना चार दिवसांत पाठ झालं, असं त्यांचं म्हणणं. रेडिओतला माणूस रोज नवीन बोलतो. त्यामुळे डुकरांचा अजून त्याच्यावर विश्वास बसलेला नाही.

तुमच्या माळ्यावर ट्रान्झिस्टर असेल तर भंगारवाल्याला देण्याआधी एक करा. जुने सेल गळले असतील तर टोकं पुसून नवे घाला, रात्री नऊनंतर गच्चीवर जा, मिडियम वेव्हवर काटा केसाकेसानं सरकवा आणि डबा गोल फिरवून बघा. घरात बसून लावाल तर खरखरच ऐकू येईल. मोबाइलचा चार्जर आणि एलईडी दिवे यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होत असते आणि तिचा गोंगाट नेमका मिडियम वेव्हवर पसरतो. मोबाइलनं रेडिओचा आवाज दाबला असं जे लोक म्हणतात, ते असं अक्षरशः खरं आहे. तेव्हा चार्जर आधी काढून ठेवा.